यंदाचीही साफ

बाराव्या ओळीवर आर्डिस लाहती थबकली. ओळ साधीच होती : 'वडिलांची बहीण, गर्भाशयाचा कर्करोग, वय ४६. सध्या वय ५८, हयात, प्रकृती उत्तम.' अशा ओळी ती दिवसाला वीस-पंचवीस वाचत असे. कुणाची आई, कुणाचे आजोबा, कोण कशानं गेलं आणि कितव्या वर्षी, हे सगळं तिच्या डोळ्यांखालून इतकी वर्षं जात होतं की एखाद्या घरात सगळे म्हातारपणीच गेलेले दिसले, तर तिला त्या डॉक्टरनं नीट विचारलंच नसावं असा संशय येई. पण या ओळीवर तिचं बोट माऊसवरून उचललं गेलं आणि कॉफीचा घोट तोंडातच राहिला. आपलं वय अठ्ठावन्न. आपल्याला झाला तेव्हा शेहेचाळीस. आपण हयात आहोत. प्रकृती उत्तम म्हणायला डावा गुडघा जरा आड येतो, पण ते कुणी इथं विचारलेलं नाही. खिडकीबाहेर समुद्राएवढ्या तळ्यावर धुकं होतं आणि खनिज वाहणारं एक जहाज नुसतंच भोंगा देत उभं होतं. तिनं घोट गिळला.

अठ्ठावीस वर्षं ती हेच काम करत होती. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक निदानाला त्याचा संकेतांक द्यायचा. आधी इस्पितळाच्या तळघरात बसून, आता घरच्या मागच्या खोलीत, जिथं दक्षिणेतल्या मोठ्या शहरापर्यंतच्या सगळ्या शाखांचे कागद येत. कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं बजावलं होतं, 'पोरी, केसपेपरवरचं नाव वाचू नकोस. नाव वाचलं की माणूस दिसतो आणि माणूस दिसला की हात अडतो.' आर्डिसनं ते इतकं मनावर घेतलं होतं की आता तिचे डोळे आपोआप नावावरून घसरून मजकुरावर जात. एकदा शेजारच्या बाईंच्या पित्ताशयाला तिनं संकेतांक देऊन टाकला होता आणि संध्याकाळी त्या बाईंनी कुंपणावरून ऑपरेशनची कथा सांगितल्यावर, ही आपण कुठंतरी ऐकलीय, असं तिला वाटत राहिलं होतं. या सवयीचा तिला अभिमान होता. आज त्याच सवयीनं तिला बारा ओळी आत आणून सोडलं होतं. तिनं हळूच नजर वर नेली. ब्रिटा डेल्गाडो. डेल्गाडो कोण ते तिला माहीत नव्हतं, पण त्याखालची जन्मतारीख तिला पाठ होती. तीन मार्च. त्या दिवशी रस्त्यावर नुसता बर्फाचा आरसा झाला होता, रेनोची गाडी दारातच आडवी झाली होती आणि आर्डिसच्या नवऱ्यानं, ड्वेननं, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या आपल्या ट्रकमधून रेनोला आणि त्याच्या बायकोला दवाखान्यात पोचवलं होतं. रेनो म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ. वाटभर मधल्या सीटवर कण्हत बसलेली त्याची बायको कॉलीन, आणि पहाटे झालेली ही मुलगी.

नियम एकच होता आणि तो तिनं स्वतः कितीतरी नव्या पोरींना शिकवला होता. आपल्या माणसाची फाईल समोर आली की त्या क्षणी बंद करायची आणि वरिष्ठांना कळवायचं. फाईल कुणी उघडली, कुठल्या पानावर किती सेकंद थांबलं, सगळं नोंदलं जातं. आर्डिसनं बंद केली, पण त्या क्षणी नाही. आधी तिनं तेरावी आणि चौदावी ओळ वाचली. 'वडिलांच्या या बहिणीची दरवर्षी दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, एकूण अकरा. दहा साफ, पाचव्या वर्षी एक पॉलिप, म्हणजे कोंब, काढला. (आधार : रुग्णानं सोबत आणलेली नाताळची कार्डं.)' समासात संकेतांक सुचवणाऱ्या मशीननं आपली सूचना लिहून ठेवलेली होती, सी अक्षराची, कर्करोगाची. त्याखाली पान संपत होतं आणि पुढच्या पानावर ब्रिटाच्या रक्ततपासणीचा निकाल होता. बोट एकदा हलवलं की पुरे. तिनं फाईल बंद केली. पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा दिसला, चष्मा नाकावर घसरलेला.

मग तिनं रॉबिन बेलांजेला फोन लावला. रॉबिन ही तिची वरिष्ठ, वयानं दहा वर्षांनी लहान, आर्डिसच्याच हाताखाली शिकून वर गेलेली.

"माझ्या भाचीची फाईल आली गं माझ्याकडे. रेनोच्या मुलीची."

"अगं बाई. किती वाचलंस?"

"चौदा ओळी. बारा न कळत. दोन कळून-सवरून."

"निकालाचं पान?"

"नाही."

"नक्की? मला ते इथं दिसेलच म्हणा, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"नाही वाचलं, रॉबिन."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "बरं. काढून घेतली. दुसऱ्या कुणाला तरी देते. तू दोन ओळींचा कबुलीजबाब लिहून पाठव. आणि हे बघ, तिला फोन करायचा नाही."

"मला सांगतेस? हा नियम तुला कुणी शिकवला?"

"म्हणूनच सांगतेय."

आर्डिसनं फोन ठेवला नाही. "एक म्हणते फक्त. त्या मशीननं सुचवलेलं कुणी डोळे मिटून घेत जाऊ नये. दहा वेळा कॅन्सर शब्द दिसला की ते लगेच सी टाकून मोकळं होतं. मग ठणठणीत माणसाच्या कागदावर तो चिकटून बसतो."

"हे तू या फाईलबद्दल बोलतेयस की एकूणच?"

"एकूणच."

"मग ऐकलं मी. आता जरा उठ तिथून. पाव-बिव भाज."

पाव भाजायचं तिच्या मनात नव्हतं, पण दुसरं काय करावं तेही सुचेना, म्हणून तिनं खरंच पावात घालायचे वेलदोडे काढले आणि सोलायला बसली. तिच्या कामात या आजाराला सी आणि झेड अशी दोन अक्षरं होती. सी म्हणजे रोग अंगात आहे. झेड अगदी शेवटी येतो, संकेतांकांच्या पुस्तकाची पानं संपत आल्यावर, आणि त्यात रोग नसतात, माणसांच्या हकिगती असतात. वडिलांना झाला होता. मला झाला होता, आता नाही. मला झालेला नाही पण माझ्या रक्तात त्याची वाट आहे. लोकांना झेड म्हणजे उरलंसुरलं वाटतं, नव्या पोरी तर तो टाकायलाच विसरतात, आर्डिसला मात्र पुस्तकातला तोच भाग मनापासून आवडे. तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं, उपचार संपले, आणि त्यानंतर वर्षानं आलेल्या कागदावर अजून सीच होता. अख्खं आजारपण तिनं न रडता काढलं होतं; त्या एका अक्षरापाशी मात्र ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली. स्वतःच्या फाईलला हात लावायची सोय नव्हती, तेव्हा तिनं शेजारच्या टेबलावरच्या बाईला रीतसर अर्ज केला आणि आठवड्यानं दुरुस्ती झाली. त्या दिवशी तळघरातल्या सगळ्यांनी मिळून केक आणला होता. त्यावर नाव नाही, शुभेच्छा नाहीत, फक्त मलईचा एक वेडावाकडा झेड. असला केक जगात दुसऱ्या कुणाला कळला नसता, आणि ड्वेनला तो समजावून सांगता सांगता तिला हसू आवरेना. त्यानं दोन तुकडे खाल्ले आणि अक्षर चांगलं गोड आहे म्हणाला.

तिचा आजार एकटीचा नाही हे तेव्हाच कळलं होतं. लिंच सिंड्रोम म्हणतात त्याला, घराण्यात पुढं चालत जाणारा, गर्भाशयात नाहीतर आतड्यात कर्करोग उभा करणारा दोष. फिनलंडहून खाणींत कामाला आलेल्या कुणा पणजोबाच्या रक्तातून तो आला असावा, असं इस्पितळातल्या समुपदेशक मुलीनं सांगितलं आणि नातेवाइकांना द्यायला, त्यांनीही तपासून घ्यावं असं, एक पत्र हातात ठेवलं. रेनोनं ते वाचलं, घडी करून टोपीत खोचलं आणि म्हणाला, "बर्फ वितळलं की बघतो, ताई." बर्फ वितळेपर्यंत त्याचं पोट दुखायला लागलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत तो आतड्याच्या कर्करोगानं गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. आणि मग आर्डिसनं ती चूक केली. चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण चाललं होतं, भाताची आणि बटाट्याची भांडी मांडलेली, सगळे आपापल्या बशीत बघत हळू बोलत होते. ती कॉलीनजवळ गेली आणि नको ते बोलली. ब्रिटा तेव्हा सतरा वर्षांची. आर्डिस म्हणाली, "पुढच्या वर्षी हिच्या रक्ताची तपासणी करून घे. पन्नास टक्के शक्यता असते." हे सांगायला आपण चांगले शब्द शोधायला हवे होते हे तिला नंतर कळलं, पण तिच्याकडे तेव्हा तेच शब्द होते. रोज वापरायचे. कॉलीननं बशी खाली ठेवली. "माझा नवरा अजून मातीत नीट बसला नाही, आणि तू माझ्या पोरीचा आकडा काढतेस?" ती एवढंच बोलली, मोठ्यानंही नाही. वसंतात ती मुलीला घेऊन दक्षिणेला मोठ्या शहरात राहायला गेली. फोन घेईना. पत्त्यावर पाठवलेलं काही परत येत नसे, एवढाच काय तो दुवा.

त्या वर्षी नाताळात आर्डिसनं कार्ड पाठवलं. समुपदेशकाच्या पत्राची एक प्रत आत घातली आणि खाली काय लिहावं याचा विचार करत तासभर बसली. क्षमा माग असं मन सांगत होतं, पण क्षमा मागितली की पुन्हा तेच सगळं काढावं लागणार. शेवटी तिनं लिहिलं, 'कॉलीन आणि ब्रिटा, नाताळच्या शुभेच्छा. माझी दुर्बिणीची तपासणी झाली. साफ. — आर्डिस.' ड्वेननं खांद्यावरून वाचलं आणि आ वासला. "अगं, लोक कार्डावर देवदूताबद्दल लिहितात, नातवंडांबद्दल लिहितात. तू पार्श्वभागाबद्दल लिहितेस?" "मला दुसरं काय लिहिता येतं?" ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी, 'यंदाचीही साफ.' तिसऱ्या वर्षी तेच. पाचव्या वर्षी, 'एक छोटा कोंब निघाला, तिथंच काढून टाकला, काळजीचं कारण नाही.' हे लिहावं की नाही यावर तिनं दोन दिवस काढले होते. साफ लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण मग बाकीच्या चार कार्डांना काय किंमत राहिली असती? अकरा वर्षांत एकही उत्तर नाही. ड्वेन दर डिसेंबरला विचारी, "यंदाचं बातमीपत्र गेलं का?" आणि ती म्हणे, गेलं. आपण एका बंद दारातून काहीतरी आत सरकवतोय एवढंच तिला वाटे, आणि आतून कुणी उचलतं की ते तसंच पायपुसण्यावर साठतंय हे कळायला मार्ग नव्हता.

आता कळलं होतं. कणीक मळता मळता ते तिच्या अंगभर हळूहळू पसरत गेलं. कुणीतरी ती अकराच्या अकरा कार्डं घेऊन दवाखान्यात गेलं होतं. एका अनोळखी समुपदेशक बाईनं ती टेबलावर ओळीनं मांडून मोजली होती, देवदूत, मेंढ्या, बर्फातली घरं, आणि कंसात आधार म्हणून लिहिली होती. पाचव्या वर्षीचा कोंबसुद्धा. इतक्या वर्षांत तिनं हजारो आधार वाचले होते, पण नाताळचं कार्ड कधी पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं आणि कणकेच्या हातानंच तिनं डोळे पुसले. निकालाचं पान मात्र तिच्या मनात तसंच मिटलेलं राहिलं. रेनो कुणी वेळेवर बघितलं नाही म्हणून गेला. ही बघायला आली आहे, म्हणजे अर्धं काम झालं, पण उरलेलं अर्धं काय? तिच्या कामात आणखी एक नियम होता. दवाखान्यात नुसतं तपासायला आलेल्या माणसाच्या कागदावर डॉक्टरनं 'असावा', 'शक्यता आहे', 'नाकारता येत नाही' असं लिहिलं, तर त्याला संकेतांक द्यायचा नाही. ठाऊक आहे तेवढंच नोंदायचं. मनातल्या मनात तिनं ब्रिटासाठी एक ओळ लिहिली, 'वडिलांना होता,' आणि पुढं काही लिहिलं नाही. हे तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं.

ड्वेनला सांगायची सोय नव्हती. तो संध्याकाळी आला, गरम पाव बघून म्हणाला, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "काही नाही, भाजावासा वाटला." त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग लोणी लावून चार तुकडे खाल्ले. शनिवारी ती दोघं नेहमीप्रमाणे सौनात, वाफेच्या खोलीत, बसली. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ आधी कानाला चटका देते आणि मग पाठीवरून खाली उतरते. आत कुणी बोलत नाही ही तिच्या आजीपासूनची रीत, आणि आर्डिसला त्या रीतीचा इतका उपयोग कधीच झाला नव्हता. लहानपणी रेनो सर्वांत वरच्या फळीवर बसायचा, सगळ्यात जास्त धग सोसतो हे दाखवायला, आणि शेवटी टोमॅटोसारखा लाल होऊन तळ्याकडे पळायचा. शरीर असं आपलं आपण सगळं धरून असतं, चांगलंही आणि वाईटही, आणि त्याच्याशी भांडून काही होत नाही, फक्त दरवर्षी आत डोकावून बघायचं असतं. घामानं तिच्या पोटावरचा जुना व्रण चकाकत होता. तिला एकदम बरं वाटलं. निकाल काहीही असो, त्या मुलीनं दार उघडून आत बघितलं होतं.

नोव्हेंबरात तिची बारावी तपासणी झाली. साफ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती कार्ड घेऊन बसली आणि पहिल्या वर्षीसारखाच तास गेला. आता तिला बरंच लिहिता आलं असतं. 'कधीही फोन कर.' 'तुझी आठवण येते.' पण अकरा वर्षं जे लिहिलं नाही ते याच वर्षी लिहिलं, तर ते फाईलमधून उचललेलं ठरलं असतं. कुणाला कळलं नसतं, तिला कळलं असतं. तिनं लिहिलं, 'यंदाचीही साफ. — आर्डिस.' पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि पुन्हा ठेवलं. ड्वेन म्हणाला, "बातमीपत्र गेलं का?" ती स्वतः चालत जाऊन कार्ड टपालपेटीत टाकून आली.

नवव्या दिवशी दुपारी, एका मोडलेल्या खुब्याला संकेतांक देत असताना फोन वाजला.

"आत्या? मी ब्रिटा बोलतेय. रेनोची ब्रिटा."

आवाज बाईचा झाला होता, पण शब्दाच्या शेवटी सूर वर न्यायची पद्धत रेनोचीच.

"बोल बाळ," आर्डिस म्हणाली. ती उभी राहिली होती, का ते तिलाही कळलं नाही.

"मला एक विचारायचं होतं. जरा विचित्रच आहे. ते तपासणीच्या आधी घागरभर औषध प्यायला देतात ना, ते तू कसं पितेस? दर वर्षी? मी परवा नुसता वास घेतला त्याचा."

आर्डिसनं डोळे मिटले. मग ती अगदी कामाच्या आवाजात सांगायला लागली. "आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेव, बर्फासारखं गार झालं पाहिजे. नळीनं पी, जिभेच्या मागच्या बाजूला. मध्येमध्ये लिंबाची गोळी चोख, लाल रंगाची नको, लाल काही खायचं नाही. आणि सूप-बिप काय ते गाळून घे. मलम जवळ ठेव. आणि संडासापासून लांब जाऊ नकोस, तुझ्या वडिलांसारखं मला काही होत नाही म्हणू नकोस."

पलीकडे हसण्याचा आवाज आला.

"तू विचारलं नाहीस, माझं काय निघालं."

"ब्रिटा, आधी मला तुला एक सांगायचंय. ऑक्टोबरात तुझी फाईल माझ्या पडद्यावर आली होती. कामाची म्हणून. मी चौदा ओळी वाचल्या, मग बंद केली. वरिष्ठांना कळवलं. निकालापर्यंत गेले नाही."

"म्हणजे तुला दोन महिने ठाऊक होतं मी गेले होते? आणि कार्डावर तू 'यंदाचीही साफ' लिहिलंस?"

"मग काय लिहिणार?"

"आई बरोबर म्हणते," ब्रिटा म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "तिनं सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. मी लग्न झाल्यावर तपासणीचा विषय काढला, तर डबाच आणून पुढ्यात ठेवला. म्हणाली, तुझी आत्या बोलायला दगड आहे, पण त्या कोंबाचंसुद्धा तिनं लिहिलं, म्हणजे बाकीचं खरं असणार." मग ती म्हणाली, "निघालं, आत्या. माझ्या रक्तातही आहे."

आर्डिसच्या हाताला खुर्चीची पाठ लागली. दोन महिने ज्या पानाकडे तिनं बघितलं नव्हतं ते उघडलं होतं, आणि त्यावर तिला जिची भीती होती तीच गोष्ट होती. दुःख झालंच. पण त्याच्या खाली काहीतरी घट्ट होतं, आणि ती त्यावर उभी होती.

"घाबरलीस?"

"तो वास घेऊन जास्त घाबरले."

"मग ठीक आहे," आर्डिस म्हणाली. "दुर्बिणीची झाली की कळव."

फेब्रुवारीत, रेनोच्या महिन्यात, पेटीत एक लिफाफा आला. आत नाताळचं कार्ड होतं, बर्फात बसलेलं एक हरीण, दुकानात उरलेल्यातलं असावं. उलट्या बाजूला लिहिलं होतं, 'आत्या, पहिली. साफ. — ब्रिटा.' आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, पेन जोरात दाबून, नुसतं एक नाव : कॉलीन.

आर्डिसनं ते फ्रिजवर लावलं. ड्वेन हातात बूट घेऊन आत आला आणि हरणाकडे बघत उभा राहिला.

"फेब्रुवारीत नाताळ?"

"उशिरा पोचलं," आर्डिस म्हणाली.